दारावर खडूनं लिहिलेलं ‘नाईट’

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



मी दीपनगरचा. भुसावळहून मुक्ताईनगरच्या रस्त्याला लागलात की फेकरी गावाच्या आसपास वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसायला लागतात. त्यांच्या पायथ्याशी आमची वसाहत. माझे अब्बा बॉयलरवर होते, आणि मी बी.ए. होऊन कारकुनीला चिकटलो. म्हणजे दोन पिढ्या आम्ही या चिमण्यांच्या सावलीत काढल्या. आमच्याकडे नवा पाहुणा आला की पहिल्या रात्री त्याला झोप लागत नाही. सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी तो विचारतो, “रात्रभर हा आवाज कसला येत होता?” आणि आम्ही खरोखरच गोंधळून विचारतो, “कुठला आवाज?”

पंखे, कोळसा दळणाऱ्या चक्क्या, कूलिंग टॉवरमधून अखंड कोसळणारं पाणी, या सगळ्यांची मिळून एक घरघर असते. ती आमच्या कानांनी कधीच जमेस धरणं सोडून दिलं आहे. उलट होतं असं, की मध्यरात्री एखादा संच बंद पडला तर आम्हाला शांततेनं जाग येते. बायका उठून बसतात. “ट्रिप झालं वाटतं,” असं कुणीतरी अंधारात म्हणतं. मग थोड्या वेळानं वाफ सुटण्याचा प्रचंड फुत्कार ऐकू येतो, लहान मूल दचकून रडतं आणि त्याची आजी त्याला थोपटत सांगते, “काही नाही रे, बॉयलर खोकला.”

अशा गावच्या माणसानं गोंगाटाविरुद्धच्या नियमांवर बोलावं, यात थोडी गंमत आहेच. पण मला वाटतं, आवाज कशाला म्हणायचं आणि गोंगाट कशाला, हे आम्हाला इतरांपेक्षा जरा आधी कळलं. आम्हाला ते कायद्यानं शिकवलं नाही, तिसऱ्या पाळीनं शिकवलं.

वीज केंद्र रात्री बंद करता येत नाही. त्यामुळे आमच्या वसाहतीत सकाळी दहा वाजता निम्म्या-पाव घरांत कर्ता माणूस गाढ झोपलेला असायचा. अब्बांची नाईट असली की अम्मी दारावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहायची – ‘नाईट’. अम्मीला मराठी लिहिता येत नव्हतं. तो एकच शब्द ती माझ्याकडून गिरवून शिकली होती. तो शब्द दिसला की दूधवाला सायकलची घंटी वाजवायचा नाही. भंगारवाला तोंड मिटून पुढच्या ओळीला जायचा. समोरच्या काकू आमच्या भिंतीला लागून असलेल्या ओट्यावर मिरच्या कुटायच्या, त्या उखळ उचलून मागच्या अंगणात न्यायच्या. आम्हा पोरांना तर कुणाच्या बापाची कोणती पाळी आहे, हे पाढ्यांसारखं पाठ असायचं. क्रिकेटची जागा त्यावर ठरायची. आज या ओळीत, उद्या त्या ओळीत. चुकून कुणी ओरडलाच, तर चार जणांचे हात एकदम त्याच्या तोंडावर.

हा नियम कुठल्याही कागदावर नव्हता.

एकदा काय झालं, आमच्या शेजारी मुलीचं लग्न निघालं. हळदीच्या रात्री गाणी-बजावणी होणारच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून बँड. मुलीचे वडील आठ दिवस आधी आमच्याकडे आले. पाट घेऊन बसले, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, “भाई, त्या दिवशी तुमची नाईट येते. सकाळी बँड वाजंल. कसं करायचं?” अब्बा हसले. म्हणाले, “लग्न काय रोज आहे? मी पाळी बदलून घेतो.” आणि खरंच त्यांनी एका सोबत्याशी पाळी बदलून घेतली. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. आज वाटतं. बँड वाजणारच होता. पण ज्याच्या झोपेवर तो वाजणार, त्याला आधी येऊन विचारलं होतं.

आता एका शब्दाबद्दल सांगतो. शब्दांचा माझा धंदा आहे म्हणून राहवत नाही. आमच्या खानदेशात ‘भोंगा’ म्हणजे गिरणीचा नाहीतर कारखान्याचा. अमळनेर-धुळ्याकडच्या जुन्या माणसांना विचारा, प्रताप मिलच्या भोंग्यावर अख्खं गाव घड्याळ लावायचं. भोंगा झाला की डबा भरायचा, भोंगा झाला की पोरगं शाळेत पिटाळायचं. भोंग्यात भाकरी होती. २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यात राज्यात जे राजकारण तापलं, त्यानंतर भोंगा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मशिदीचा मिनार येतो. एक शब्द गिरणीतून निघून मिनारावर जाऊन बसला, आणि आमच्यासारख्यांची पंचाईत झाली. कारण आता आवाजाबद्दल काहीही बोललं की ऐकणारा आधी बोलणाऱ्याचं नाव विचारतो.

असो. नियमांकडे येतो. मी काही वकील नाही. पण हे नियम फार सोपे आहेत आणि प्रत्येकानं एकदा वाचावेत असे आहेत.

केंद्र सरकारनं १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली फेब्रुवारी २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यात जागांचे चार प्रकार आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. बाजारपेठेत ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान शंभर मीटरचं शांतता क्षेत्र, तिथं ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. ध्वनिक्षेपक लावायचा तर लेखी परवानगी हवी, आणि रात्री दहानंतर उघड्यावर तो लावायचाच नाही. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारा वाजेपर्यंत सूट देता येते. ते दिवस कोणते, हे आपल्याकडे जिल्हाधिकारी जाहीर करतात आणि वर्तमानपत्रात छापूनही येतं. नियम मोडला तर पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड होता. एप्रिल २०२४ पासून त्यातली कैद गेली. दंड मात्र दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत नेला.

डेसिबल हे प्रकरण जरा फसवं आहे. ४५ वरून ५५ म्हणजे दहाच तर वाढले, असं वाटतं. पण दर दहा डेसिबलला आवाजाची ताकद दहापट होते. ४५ च्या जागी कुणी ८५ केले, तर तो दुप्पट आवाज नसतो. दहा हजार पट ताकद तुमच्या उंबऱ्यावर येऊन उभी असते. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा असते, त्यापुढे कानाला संरक्षण लागतं. अब्बांना कानात घालायला बोळे मिळायचे. वरातीत डीजेच्या भिंतीपुढे खांद्यावर पोरगं घेऊन नाचणाऱ्या बापाला बोळे कोण देणार? जागतिक आरोग्य संघटना तर सांगते, नीट झोप लागायची असेल तर झोपायच्या खोलीत तीस डेसिबलपेक्षा जास्त आवाज नको. तीस म्हणजे जवळजवळ कुजबुज.

या नियमांच्या मागे एक फार दुखरी गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २००५ ला याबाबत मोठा निकाल दिला. त्यातली एक याचिका ज्या बातमीवरून निघाली, ती बातमी अशी होती : तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होत होता. ती मदतीसाठी ओरडत होती. शेजारी ध्वनिक्षेपकावर गाणी लागली होती, म्हणून ते ओरडणं कुणालाच ऐकू गेलं नाही. त्याच संध्याकाळी त्या मुलीनं स्वतःला जाळून घेतलं. हे वाचल्यापासून मला ‘आवाजाचा त्रास’ हा शब्दप्रयोग अपुरा वाटायला लागला. झोपमोड होणं वेगळं, आणि माणसाची हाक माणसापर्यंत न पोचणं वेगळं.

पण या नियमांत माझ्या वसाहतीच्या बाजूनं एक उणीव आहे, ती सांगायलाच हवी. रात्र दहा ते सहा, हे कुणाचं घड्याळ? अब्बांची रात्र सकाळी नऊला सुरू व्हायची. आज दीपनगरला ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत, आता त्यात ६६० चा भर पडला आहे. शेजारी भुसावळ जंक्शन, गार्ड आणि लोको पायलटांचं गाव. इस्पितळातल्या परिचारिका, पोलीस, टोलनाक्यावरची पोरं. रात्रभर जागून बाकीच्यांची झोप सांभाळणाऱ्या या माणसांना दिवसा ५५ डेसिबलमध्ये झोपायचं आहे. कायद्याच्या लेखी ते ‘दिवसा झोपलेले’ आहेत, म्हणजे जवळपास आळशीच. पुण्याच्या दुकानदारांची एक ते चार ही वामकुक्षी आपण चेष्टेवारी नेतो, पण जर्मनीत कित्येक इमारतींच्या नियमांत दुपारची विश्रांती रीतसर लिहिलेली असते. आणि रविवारी निवासी भागात गवत कापायचं यंत्र चालवायलासुद्धा बंदी आहे. पाळी करणाऱ्यांच्या वसाहतींसाठी आपल्याकडे असं काही करायला मोठा कायदा लागणार नाही. खडू पुरतो. पण खडूनं लिहिलेलं वाचणारी माणसं लागतात.

उन्हाळ्यात मात्र आमच्याकडे आवाजाच्या तक्रारी कमी होतात, आणि त्याचं कारण मोठं मजेशीर आहे. पारा पंचेचाळीसला टेकला की घरोघर पत्र्याचे कूलर सुरू होतात. तो पत्रा असा काही धडधडतो, की बाहेर वरात चालली आहे की वादळ, घरात कळत नाही. गोंगाटावर आम्ही गोंगाटाचाच उतारा शोधला आहे. पूर्वी याच दिवसांत लोक अंगणात बाजा टाकून झोपायचे. तेव्हा तिसऱ्या घरातलं घोरणंही ऐकू यायचं आणि त्यावर सकाळी चर्चा व्हायची.

तर कूलर बंद असतात ते हिवाळ्यात. २०२२ च्या डिसेंबरातली गोष्ट. अम्मी अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, त्याचा अर्थ आम्हाला कळला होता. हमरस्त्याच्या बाजूला मोकळ्या जागेवर लग्न होतं. रात्रीचे साडेअकरा झाले तरी डीजे चालू. गाणं कोणतं ते कळत नव्हतं, नुसते ठोके येत होते. छातीवर कुणी बाहेरून थापा मारत असल्यासारखे. खिडकीच्या काचा झिणझिणत होत्या. अम्मीच्या पलंगाशेजारच्या तिपाईवर औषधाची काचेची बाटली होती. ती ठोक्यागणिक कणाकणानं सरकत कडेला येत होती. मी ती उचलून आत ठेवायचो, ती पुन्हा निघायची.

मी ११२ ला फोन लावला. पलीकडून अगदी सौजन्यानं विचारणा झाली. कुठून बोलताय, काय तक्रार आहे. मी सांगितलं. मग नाव विचारलं.

श्रोतेहो, मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. माझं नाव मी आयुष्यात हजारो ठिकाणी सांगितलं आहे, कवितेखाली छापलं आहे, संमेलनात माइकवरून ऐकलं आहे. त्या रात्री ते माझ्या घशात अडकलं. डोळ्यांपुढे उद्याचा दिवस आला. ‘अमक्यानं लग्नाचा डीजे बंद पाडला.’ त्या वर्षी हवाच तशी होती. मी फोन ठेवून दिला. कुणी मला धमकावलं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. माझं मीच ते ओळखून घेतलं, आणि त्याची लाज मला अजून आहे.

व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. समोरच्या क्वार्टरमधले गृहस्थ शाल पांघरून बाहेर आलेच होते. ते वारकरी, माळकरी माणूस. त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या हातातला मोबाइल पाहिला आणि म्हणाले, “भाई, तुम्ही नका करू. मी करतो.” त्यांनी फोन केला, खणखणीत आवाजात आपलं नाव सांगितलं. वीसेक मिनिटांनी ठोके थांबले. मग अर्ध्या तासानं थोडे हळू आवाजात पुन्हा सुरू झाले, तो भाग वेगळा. मी आत आलो तर अम्मी जागी होती. म्हणाली, “किसकी शादी है?” म्हटलं, “मालूम नहीं.” ती म्हणाली, “दुआ दे दे.” आणि डोळे मिटले. त्यानंतर ती नऊ दिवस होती.

शेजाऱ्याच्या त्या वाक्याचं काय करायचं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. ‘तुम्ही नका करू, मी करतो’ यात जितकी माया होती, तितकंच ते वाक्य म्हणण्याची वेळ येणं वाईट होतं. ही दोन्ही त्यांनाही कळत होती.

म्हणून जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल आला, तेव्हा मी तो बारकाईनं वाचला. मुंबईत कुर्ला भागातल्या नेहरूनगरच्या रहिवाशांच्या संघटना न्यायालयात गेल्या होत्या. तक्रार मशिदींच्या ध्वनिक्षेपकांची होती. न्यायालयानं सांगितलं, की ध्वनिक्षेपक हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. हे नवं नव्हतं. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर २०१६ मध्ये याच न्यायालयानं ते म्हटलं होतं. त्याहीआधी ऑगस्ट २००० मध्ये चेन्नईच्या एका वसाहतीनं चर्चच्या ढोल-माइकविरुद्ध दाद मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असं कोणताच धर्म सांगत नाही. पण २०२५ च्या निकालात पोलिसांसाठी एक स्पष्ट पायरी घालून दिली आहे. पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी दंड, पुढे ध्वनिक्षेपक जप्त. आणि तक्रार आली की तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करायची, म्हणजे त्याच्यावर कुणाचा राग निघणार नाही.

हे शेवटचं कलम मी दोनदा वाचलं. नेहरूनगरच्या ज्या माणसाला मशिदीच्या कर्ण्याचा त्रास होतो, त्याला ज्याची भीती वाटते, तीच भीती मला त्या रात्री वाटली होती. आम्ही दोघं एकमेकांकडे बोट दाखवून उभे असू, आणि न्यायालयानं दोघांच्याही डोक्यावर एकच छत्री धरली.

आता आमच्या मशिदीबद्दल. २०२२ च्या गदारोळानंतर आमच्याकडे मोहल्ल्यात बैठक झाली. मी म्हटलं, आवाज कमी करू, आणि पहाटेची अज़ान सहाच्या आत असते, ती बाहेरच्या कर्ण्यावर नको, आतल्या स्पीकरवर देऊ. दोघं-तिघं माझ्यावर उसळले. एक तरुण म्हणाला, “आज आवाज कमी करा म्हणतात, उद्या काय म्हणतील?” त्याचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. ज्या सुरात मागणी झाली होती, त्या सुरात झोपेची काळजी कमी आणि खुन्नस जास्त होती, हे मीही ऐकलं होतं. पण मी त्याला म्हटलं, बेटा, अज़ानला चौदाशे वर्षं झाली आणि कर्ण्याला शंभरसुद्धा नाहीत. हज़रत बिलाल उंचावर चढून नुसत्या गळ्यानं अज़ान द्यायचे. हे यंत्र आपल्याकडे आलं तेव्हा कित्येक उलेमांचाच त्याला विरोध होता. आपण वाचवायची आहे ती अज़ान, की ते पत्र्याचं धुतुरं?

वाद त्यानं मिटला नाही. मिटला तो वेगळ्याच बाजूनं. आमचे एक बुजुर्ग कोपऱ्यात बसले होते, अब्बांचे सोबती, टर्बाइनवर उभा जन्म काढून दोन्ही कानांनी अधू झालेले. त्यांना हे सगळं मोठ्यानं ओरडून समजावून सांगावं लागलं. ऐकून ते म्हणाले, “मुझे तो वैसे भी सुनाई नहीं देता. मैं तो घड़ी देख के आता हूँ.” सगळे हसले आणि पहाटेचा बाहेरचा कर्णा बंद झाला. मुंबईतल्या काही मशिदींनी २०२५ मध्ये अज़ानसाठी मोबाइल ॲप घेतलं, त्याच्या तीन वर्षं आधी आमच्या बहिऱ्या चाचांनी घड्याळावर भागवलं होतं.

एक गोष्ट मात्र मी त्या बैठकीत म्हटली होती आणि इथंही म्हणतो. मोजपट्टी एक असेल तरच ती मोजपट्टी. मिनारापाशी डेसिबल मोजायचे आणि मिरवणुकीपाशी, नेत्याच्या वाढदिवसाच्या मांडवापाशी यंत्र खिशात ठेवायचं, असं झालं तर लोकांचा आवाजावरचा नव्हे, यंत्रावरचा विश्वास उडतो. मुंबईत सुमायरा अब्दुलाली आणि त्यांची आवाज फाउंडेशन वर्षानुवर्षं हे काम करत आली आहेत. गणपती असो, ईद असो, दिवाळीचे फटाके असोत की राजकीय सभा, त्या यंत्र घेऊन जातात आणि आकडे जाहीर करतात. आकड्याला आडनाव नसतं, हा त्यांच्या कामाचा मला सगळ्यात आवडलेला भाग.

आमच्या वसाहतीत आता जुन्या चाळी कमी झाल्या, काही क्वार्टर्स रिकामी आहेत, कंत्राटी कामगार आसपासच्या गावांत भाड्यानं राहतात. कुणाची कोणती पाळी, हे पोरांना पाठ नसतं. क्रिकेट मोबाइलवर चालतं.

मागच्या महिन्यात एका कवितासंग्रहाच्या कार्यक्रमाची पत्रिका द्यायला मी एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. सकाळी अकराची वेळ. बेलकडे हात नेला आणि पाहिलं तर शेजारच्या दारावर पांढऱ्या खडूनं, जरा वाकड्या अक्षरात लिहिलं होतं – ‘नाईट’. तिथं नवं बिऱ्हाड आलेलं असावं, मी त्यांना ओळखत नाही. दारात एक पाच-सहा वर्षांची मुलगी बसली होती. माझ्याकडे बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. मी पत्रिका दाराखालून आत सरकवली आणि चपला हातात घेऊन जिना उतरलो.